हिराबाई पेडणेकर : जीवन आणि नाट्यकर्तृत्व

१

मराठी नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात हिराबाई पेडणेकर यांचा उल्लेख बहुधा दोन संदर्भांत येतो. आद्य स्त्री नाटककार म्हणून त्यांची एका ओळीत नोंद होते, हा पहिला संदर्भ. देवल, कोल्हटकर, गडकरी, वरेरकर, जोगळेकर अशा नामवंतांच्या स्नेहपरिवारातील एक बुद्धिमती कलावंतीण म्हणून त्यांची आठवण निघते, हा दुसरा. पहिल्या संदर्भात गौरव आहे, परंतु त्यात विवेचन फारसे नाही. दुसऱ्यात कुतूहल आहे, परंतु ते बव्हंशी त्यांच्या खाजगी आयुष्याविषयीचे आहे. या दोहोंच्या मध्ये त्यांची नाटके राहून गेली आहेत.

आद्यत्वाचा प्रश्न प्रारंभीच बाजूला काढणे इष्ट ठरेल. हिराबाईंच्या आधी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांनी मराठीत नाटके लिहिल्याच्या नोंदी संशोधकांनी पुढे आणल्या आहेत. त्यामुळे निव्वळ कालानुक्रमाच्या निकषावर हिराबाईंचे पहिलेपण निर्विवाद राहत नाही. मात्र नाटक ही केवळ छापण्याची वस्तू नव्हे. एका स्त्रीने लिहिलेले नाटक व्यावसायिक नाटक मंडळीने स्वीकारावे, तालमी घेऊन ते उभे करावे आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे आणावे, ही घटना मराठी रंगभूमीवर हिराबाईंच्या ‘संगीत दामिनी’मुळे घडली. त्यांचे खरे ऐतिहासिक स्थान येथे आहे. हे स्थान त्यांनी कोणत्या परिस्थितीत मिळविले आणि ते मिळविल्यानंतर त्यांच्या लेखनाचा प्रवाह का आटला, हे दोन्ही प्रश्न त्यांच्या चरित्राशी निगडित आहेत. म्हणून त्यांच्या जीवनाकडे नाटककाराचे जीवन या दृष्टीने पाहणे आवश्यक ठरते.

२

हिराबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८८५ रोजी सावंतवाडी येथे झाला. दक्षिण कोकण आणि गोमंतक या प्रदेशांत देवळांशी व श्रीमंतांच्या आश्रयाशी बांधल्या गेलेल्या स्त्रियांचा एक वर्ग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. नायकीण, भावीण, कलावंतीण अशा निरनिराळ्या नावांनी तो ओळखला जाई. गायन आणि नर्तन ही या घराण्यांतील स्त्रियांची विद्या होती आणि उपजीविकाही होती. या विद्येला समाजाकडून दाद मिळे, पण विद्या धारण करणाऱ्या स्त्रीला कुटुंबव्यवस्थेत स्थान मिळत नसे. हिराबाई अशाच एका घरात जन्मल्या. पुढच्या सर्व आयुष्यावर या जन्माची सावली राहिली. त्यांना जे लाभले आणि त्यांच्या हातून जे निसटले, त्या दोहोंची मुळे तेथेच सापडतात.

त्या वाढल्या मुंबईत, मावशी भिमाबाई यांच्या आश्रयाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोकण-गोमंतकातील अनेक कलावंत घराणी मुंबईत येऊन स्थिरावली होती. संस्थानिकांचा आणि इनामदारांचा आश्रय क्षीण होत चालला होता, आणि मुंबईतील व्यापारी व धनिक वर्ग गाण्याचा नवा आश्रयदाता बनत होता. गिरगाव आणि त्याच्या आसपासच्या वस्तीत एका बाजूला पांढरपेशा मराठी समाजाच्या चाळी, दुसऱ्या बाजूला नाटकगृहे, छापखाने आणि मासिकांच्या कचेऱ्या, आणि जवळच गाणाऱ्या स्त्रियांची घरे असा शेजार होता. हिराबाईंचे घर गिरगावातच होते. मराठी साहित्याचे आणि रंगभूमीचे जे नवे जग त्या काळात मुंबईत आकाराला येत होते, ते त्यांच्या उंबऱ्यापासून फार दूर नव्हते.

भिमाबाईंच्या घरी या मुलीचे केवळ गाण्याचेच शिक्षण झाले नाही. मिशनऱ्यांनी चालविलेल्या शाळेत ती शिकली. मराठीबरोबर संस्कृत, हिंदी, बंगाली आणि इंग्रजी या भाषांचा परिचय तिने करून घेतला. त्या काळी मध्यमवर्गीय मराठी घरांतील मुलींचे शिक्षण लग्नाच्या वयाशी, म्हणजे बहुधा दहा-बारा वर्षांशी, येऊन थांबत असे. कलावंतिणीच्या मुलीवर लग्नाचे हे बंधन नव्हते. स्त्रीला घराबाहेर ठेवणाऱ्या रूढीनेच तिला पुस्तकाकडे जाण्यास थोडी मोकळीक दिली, हा या सामाजिक स्थितीतील मोठा विरोधाभास आहे. हिराबाईंनी या मोकळिकीचा जास्तीत जास्त उपयोग करून घेतला. कविता आणि गद्य अशा दोन्ही प्रकारांत त्यांची लेखणी चालू लागली, आणि ‘मनोरंजन’सारख्या त्या काळच्या प्रतिष्ठित मासिकात त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये सुरू केलेल्या या मासिकाचा वाचक मुख्यतः सुशिक्षित मध्यमवर्ग होता. ज्या घरांचे दरवाजे हिराबाईंना व्यक्ती म्हणून उघडले नसते, त्या घरांत त्यांचे छापील शब्द पोहोचत होते.

३

हिराबाईंच्या गायनविद्येला भास्करबुवा बखले यांच्यासारखा थोर गुरू लाभला. भास्करबुवांचे (१८६९-१९२२) नाव मराठी रंगभूमीच्या इतिहासात दोन कारणांनी मोठे आहे. बालवयात ते स्वतः किर्लोस्कर मंडळीत होते, आणि पुढे संगीत नाटकाला रागदारीची भरभक्कम बैठक देणाऱ्यांत ते अग्रणी ठरले. त्यांच्या शिष्यवर्गात नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, हेही होते.

या गुरुबंधुत्वाचा विचार केल्यास तत्कालीन रंगभूमीची रचना स्पष्ट होते. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेने त्यांच्या कारकिर्दीस प्रारंभ झाला. पुढील काळात मराठी स्त्रीचे चालणे, बोलणे, लाजणे, नेसणे यांचा आदर्शच त्यांनी रंगमंचावर निर्माण केला. सुशिक्षित घरांतील स्त्रिया त्यांचे अनुकरण करू लागल्या. परंतु त्याच गुरूकडे शिकलेली, गाण्यात तयार असलेली, अनेक भाषा जाणणारी, वयाने बालगंधर्वांपेक्षा अवघ्या तीन वर्षांनी मोठी असलेली स्त्री त्या रंगमंचावर पाऊल ठेवू शकत नव्हती.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हापासून प्रतिष्ठित मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची प्रथा होती. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाला मध्यमवर्गात मानाचे स्थान मिळवून दिले. भाऊराव कोल्हटकरांसारख्या गोड गळ्याच्या नटाने ही प्रथा अधिकच दृढ केली. गायिका-कलावंतिणींनी चालविलेल्या केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या एकोणिसाव्या शतकातही होत्या. परंतु त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी निराळी होती, आणि नाट्यसमीक्षेने त्यांची दखल क्वचितच घेतली. नाटकाची प्रतिष्ठा टिकवावयाची तर त्यात कलावंतीण नको, आणि कुलीन स्त्री तर येणारच नाही, अशी ही कोंडी होती. मग अभिनेत्रीला लागणारी सर्व पूर्वतयारी ज्या वर्गाजवळ होती, त्या वर्गातील स्त्रीने काय करावे, हा प्रश्न उरतो. हिराबाईंनी त्याला दिलेले उत्तर असे की, आपण ज्या मंचावर उभे राहू शकत नाही तेथे बोलली जाणारी भाषा आपण लिहावी.

४

हिराबाईंच्या गिरगावातील घरी त्या काळातील अनेक नाटककार, नट आणि साहित्यिक येत असत. गोविंद बल्लाळ देवल, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, मामा वरेरकर, किर्लोस्कर मंडळीचे नानासाहेब जोगळेकर ही त्यांतील प्रमुख नावे. मैफलीच्या निमित्ताने कलावंतिणीच्या घरी येणारा पुरुष हा त्या समाजातील नित्याचा भाग होता. पण येथे गाण्याबरोबर नाटकांची वाचने आणि वाङ्मयीन चर्चा होत. अशा चर्चेत बरोबरीने बोलू शकणारी स्त्री या लेखकांना आपल्या घरांतही सहसा भेटत नसे. या मंडळींना हिराबाईंविषयी आदर वाटत होता, यात शंका नाही. या आदराची मर्यादा मात्र घराच्या भिंतींपर्यंतची होती.

देवल यांचे स्थान यांत वेगळे होते. ‘मृच्छकटिक’मध्ये वसंतसेनेसारखी गणिका आणि ‘शारदा’मध्ये (१८९९) जरठ-कुमारी विवाहाची बळी होऊ घातलेली मुलगी त्यांनी रंगभूमीवर आणली होती. स्त्रीच्या असहायतेकडे ते सहानुभूतीने पाहत, आणि नाटकाच्या तंत्रावर त्यांची पकड होती. तालीम मास्तर म्हणून त्यांची ख्याती मोठी होती. हिराबाईंच्या नाट्यलेखनाला त्यांचे मार्गदर्शन लाभले. पहिले नाटक लिहिताना अशा अनुभवी नाट्यशिक्षकाची दृष्टी उपलब्ध असणे ही त्या काळात कोणत्याही नवोदित लेखकाच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती.

‘जयद्रथ-विडंबन’ हे ते पहिले नाटक १९०४ मधील. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात हिराबाईंना एकोणीस वर्षे पुरी झाली. ज्या गडकऱ्यांचा जन्म हिराबाईंच्याच वर्षीचा, त्यांचे ‘प्रेमसंन्यास’ रंगभूमीवर येण्यास अद्याप कित्येक वर्षे होती. वरेरकरांचे ‘कुंजविहारी’ १९०८ मध्ये आले. नाट्यलेखनाला प्रारंभ करण्यात हिराबाई आपल्या या दोन्ही समकालीनांच्या पुढे होत्या. गडकरी-वरेरकरांच्या सहवासाने त्या नाटककार झाल्या, असा समज या कालक्रमापुढे टिकत नाही.

कथावस्तूची निवड तर अधिकच लक्षणीय आहे. महाभारताच्या वनपर्वात पांडव मृगयेसाठी बाहेर गेले असता सिंधुदेशाचा राजा जयद्रथ आश्रमात एकट्या असलेल्या द्रौपदीला पळवून नेतो. पांडव त्याला गाठतात. भीम त्याच्या डोक्यावर पाच पाट ठेवून त्याचे मुंडन करतो आणि त्याला दासत्व कबूल करावयास लावतो. जयद्रथ हा कौरवभगिनी दुःशलेचा पती असल्यामुळे युधिष्ठिर त्याला जीवदान देतो. नाटकाच्या नावातील विडंबन या शब्दाचा अर्थ येथे फजिती, मानखंडना असा आहे. द्रौपदीवर हात टाकणाऱ्या पुरुषाची चारचौघांत झालेली अप्रतिष्ठा हे या प्रसंगाचे मर्म होय.

याच संदर्भात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’चे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातही द्रौपदीची विटंबना हाच विषय होता. प्रेक्षकांनी कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झन आणि द्रौपदीच्या ठिकाणी परदास्यातील भारतभूमी पाहिली, आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. द्रौपदीची कथा राष्ट्राचे रूपक म्हणून वाचण्याची दृष्टी त्या पिढीजवळ होती. तिचा स्त्रीची कथा म्हणूनही स्वतंत्र विचार होऊ शकतो. ‘कीचकवध’च्या तीन वर्षे आधी, पुरुषाच्या इच्छेला नकार देण्याचा हक्क जिच्या वर्गाला समाजाने मानलाच नव्हता अशा स्त्रीने द्रौपदीहरणाचा प्रसंग निवडावा, यात विषयाशी असलेली तिची जवळीक दिसते. जयद्रथ हा परका शत्रू नाही. तो नात्यातला आहे, पाहुणा म्हणून येतो, आणि त्याला मिळणारी क्षमाही नात्याच्याच आधारे मिळते. महाभारतातील या प्रसंगाचा हा कौटुंबिक पैलू कीचकाच्या कथेत नाही. पौराणिक नाटक हा त्या काळचा रूढ प्रकार खरा, परंतु रूढ प्रकारातही लेखकाची निवड बोलत असते.

५

‘संगीत दामिनी’ या दुसऱ्या नाटकाचे लेखन १९०८ च्या सुमाराचे आहे. १९१२ मध्ये ते केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. केशवरावांनी ही मंडळी १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे स्थापन केली होती. तेव्हा त्यांचे वय अठराच्या आतबाहेर होते. किर्लोस्कर मंडळीसारख्या जुन्या आणि प्रतिष्ठित संस्थेशी स्पर्धा करावयाची तर नव्या नाटकांचा शोध घेणे त्यांना भाग होते. हिराबाईंचे नाटक त्यांनी स्वीकारले याचे श्रेय त्यांच्या धाडसाला जसे द्यावे लागते, तसे नाटकातील संगीताच्या शक्यतांनाही द्यावे लागते. गाण्याचे पुरते अंग असलेल्या लेखिकेने लिहिलेले संगीत नाटक केशवरावांसारख्या गायक-नटाला आकर्षक वाटणे स्वाभाविक होते. संगीत नाटकाच्या रचनेत पद कोठे यावे, ते किती लांबावे, गळ्याला कोणती अक्षरे सोयीची आणि कोणती अडचणीची, हे अनेक नाटककारांना नटांकडून शिकावे लागे. हिराबाईंजवळ ते ज्ञान आधीपासून होते.

पहिल्या नाटकात पुराणाचा आधार होता. ‘दामिनी’त त्या कल्पित कथानकाकडे वळल्या. या नाटकाचे नाते समीक्षकांनी श्री. कृ. कोल्हटकरांच्या संप्रदायाशी जोडले आहे. ‘वीरतनय’पासून कोल्हटकरांनी पुराण आणि इतिहास सोडून स्वतंत्र, गुंतागुंतीची कथानके, कोटिबाज संवाद आणि पारशी-गुजराती रंगभूमीवरील नव्या धर्तीच्या चाली यांचा मराठी संगीत नाटकात प्रवेश करून दिला. व्यवसायाने वकील असलेले आणि विदर्भात राहणारे कोल्हटकर मुंबईस येत तेव्हा हिराबाईंच्या घरी जात. त्या दोघांच्या स्नेहाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या स्नेहाचा परिणाम ‘दामिनी’च्या घडणीवर झाला, हे मान्य करण्यास हरकत नाही.

आक्षेप आहे तो या प्रभावाच्या मूल्यमापनात वापरल्या गेलेल्या दुहेरी मापाला. गडकरी हे कोल्हटकरांना गुरू मानत आणि त्यांच्या नाटकांवर, विशेषतः विनोदावर, कोल्हटकरांची छाप सर्वांनी मान्य केली आहे. वाङ्मयेतिहासाने गडकऱ्यांच्या बाबतीत या ऋणाला परंपरा म्हटले आणि त्यांना गुरूच्या पुढे गेलेला शिष्य ठरविले. हिराबाईंच्या बाबतीत तसेच ऋण त्यांच्या स्वतंत्र कर्तृत्वाविषयी संशय घेण्याचे निमित्त ठरले. पुरुष लेखकाने गुरूकडून घेतले तर ती दीक्षा आणि स्त्रीने घेतले तर ती उसनवारी, असा हा न्याय आहे. त्या स्त्रीचे घर नायकिणीचे असेल तर संशयाला आणखी धार येते, कारण तेथे प्रत्येक वाङ्मयीन संबंधाचा अर्थ खाजगी संबंधात शोधला जातो.

‘दामिनी’ रंगभूमीवर आले त्याच सुमारास गिरिजाबाई केळकर यांचे ‘पुरुषांचे बंड’ हे नाटक लिहिले गेले. खाडिलकरांच्या ‘बायकांचे बंड’ला दिलेले ते प्रत्युत्तर होते. गिरिजाबाई आणि हिराबाई या जवळजवळ समवयस्क. गिरिजाबाईंना शिक्षित, प्रतिष्ठित कुटुंबाचे पाठबळ होते. पुढे त्या दीर्घकाळ लिहित्या राहिल्या, स्त्रियांच्या संस्थांत वावरल्या आणि नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचल्या. त्यांचे कर्तृत्व निःसंशय मोठे आहे. परंतु या दोन आयुष्यांची तुलना केली असता असे दिसते की, स्त्रीने नाटक लिहिणे ही गोष्ट १९१२ च्या आसपास मराठी समाजाला पूर्णपणे असह्य राहिलेली नव्हती. कोणत्या घरातील स्त्री लिहिते, यावर पुष्कळ काही अवलंबून होते.

६

‘दामिनी’ला रंगमंच लाभला त्याच्या आदल्याच वर्षी, १९११ मध्ये, नानासाहेब जोगळेकर यांचे निधन झाले. ‘मानापमान’मधील धैर्यधराच्या भूमिकेने त्याच वर्षी त्यांनी प्रेक्षकांना जिंकले होते. हिराबाईंच्या जीवनात जोगळेकरांच्या स्नेहाला मोठे स्थान होते. किर्लोस्कर मंडळीच्या दृष्टीने हा मृत्यू जसा आघात ठरला, तसा हिराबाईंच्याही दृष्टीने तो होता. देवल १९१६ मध्ये गेले, गडकरी १९१९ मध्ये. गिरगावातील त्या घरातील वाङ्मयीन वर्तुळ काही वर्षांत विरून गेले.

तत्पूर्वी दोन बाबी लक्षात घेण्याजोग्या आहेत. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही आणि ती भूमिका साळुंके या पुरुष नटाला द्यावी लागली. परंतु त्यानंतर लगेचच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी कॅमेऱ्यासमोर काम केले. प्रतिष्ठित रंगभूमीने अडवून धरलेली वाट चित्रपटाने किंचित उघडली. दुसरी बाब देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ची. १९१६ मध्ये ते संगीत रूपात रंगभूमीवर आले. त्याची नायिका रेवती ही नायकिणीच्या घरातील मुलगी आहे. प्रतिष्ठित अश्विनशेठ तिच्यावर प्रेम करतो आणि साऱ्या संशयांचे निरसन होऊन नाटक त्यांच्या विवाहाने संपते. देवलांनी रंगमंचावर रेवतीला जे मिळवून दिले ते वास्तवात हिराबाईंना मिळाले नाही. प्रेक्षागृहातील सज्जनांनी रेवतीच्या लग्नाला टाळ्या दिल्या. आपल्या घरात तशी सून आणण्याची त्यांची तयारी नव्हती.

प्रतिष्ठित, स्थिर गृहजीवनाची ओढ हिराबाईंच्या आयुष्यात सातत्याने दिसते. अखेरीस ती ओढ त्यांना कोकणात घेऊन गेली. गुहागरजवळच्या पालशेत या गावी कृष्णाजी नारायण नेने यांच्या घरी त्यांच्या सहचारिणी म्हणून हिराबाई राहू लागल्या. मुंबईतील मासिके, नाटकगृहे, मैफली आणि स्नेही हे सर्व मागे राहिले. पालशेत हे समुद्राकाठचे नारळी-पोफळींच्या बागांचे गाव. मुंबईशी संबंध आगबोटीचा, आणि पावसाळ्यात तोही तुटलेला. सुमारे साडेतीन दशकांचा, म्हणजे आयुष्याच्या अर्ध्याहून अधिक काळ त्यांनी तेथे काढला. या काळात त्यांचे नवे नाटक रंगभूमीवर आले नाही.

या मौनाचे स्पष्टीकरण निरनिराळ्या प्रकारे करता येईल. आयुष्यभर हवे असलेले घर मिळाले आणि लेखनाची निकड उरली नाही, असे एक स्पष्टीकरण संभवते. दुसरे असे की, त्या काळात नाटक हे मंडळीच्या सान्निध्यात लिहिले जाणारे वाङ्मय होते. नटसंचाचे गळे, मालकाची गरज, प्रेक्षकांची अभिरुची यांच्याशी रोजचा संबंध तुटला की नाटककाराचा पायाच निखळत असे. कविता दूर खेड्यात बसून लिहिता आली असती, संगीत नाटक लिहिणे कठीण होते. तिसरे स्पष्टीकरण अधिक कठोर आहे. लेखणीने मिळालेली प्रतिष्ठा हिराबाईंना समाजात स्थान मिळवून देऊ शकली नाही. ती प्रतिष्ठा फक्त कागदावर आणि काही जाणत्यांच्या मनात राहिली. जे स्थान हवे होते ते गृहिणीच्या भूमिकेत थोडेफार लाभले, आणि त्याची किंमत म्हणून नाटककाराची भूमिका सोडावी लागली. ही तिन्ही कारणे परस्परविरोधी नाहीत. लेखिका आणि गृहिणी या दोन भूमिका एकाच स्त्रीला एकाच वेळी पार पाडता याव्यात, अशी सोय तिच्या वर्गातील स्त्रीसाठी त्या समाजात नव्हती, एवढे त्यांतून निष्पन्न होते.

हिराबाई पालशेतला असताना मराठी रंगभूमी मात्र बदलत होती. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकर यांनी स्वतःची नाटक मंडळी काढून स्त्री-पुरुषांच्या एकत्रित अभिनयाचा पुरस्कार केला. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले आणि सुशिक्षित स्त्रियांनी स्त्रीभूमिका करण्याचा पायंडा पडला. त्यात बिंबाची भूमिका करणाऱ्या ज्योत्स्ना भोळे यांचा जन्म गोव्यातील कलावंत घराण्यातलाच. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला. १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त कलावंत स्त्रीच्या स्वाभिमानाचा प्रश्न रंगमंचावर आला आणि भानुमतीच्या भूमिकेत ज्योत्स्नाबाईंना महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. अभिनेत्री आणि कुलीन स्त्री ही दोन विशेषणे एकत्र नांदू शकतात, हे रंगभूमीने मान्य केले तेव्हा हिराबाईंचे वय साठीकडे झुकले होते. ज्या मंचाचे दार त्यांच्यासाठी बंद होते ते पुढच्या पिढीसाठी उघडले. त्या दारावर पहिली थाप मारणाऱ्यांत ‘दामिनी’च्या लेखिकेचा समावेश होता, याची आठवण मात्र कोणी ठेवली नाही. १८ ऑक्टोबर १९५१ रोजी हिराबाईंचे निधन झाले.

७

मृत्यूनंतर पाव शतकाने, १९७६ मध्ये, वसंत कानेटकर यांचे ‘कस्तुरीमृग’ हे नाटक हिराबाईंच्या जीवनाच्या आधारे रंगभूमीवर आले. त्यामुळे विस्मृतीत गेलेले हे नाव पुन्हा चर्चेत आले, हे कानेटकरांचे ऋण मान्य करावयास हवे. कस्तुरीच्या शोधात वणवण करणाऱ्या मृगाची प्रतिमा हिराबाईंच्या आयुष्याला समर्पकही आहे. परंतु या घटनेतील व्यथित करणारा भागही दृष्टिआड करता येत नाही. जी स्त्री नाटककार होती ती नाटकाचा विषय बनून परत आली. तिने लिहिलेल्या नाटकांचे प्रयोग झाले नाहीत. तिच्या आयुष्याचे झाले. प्रेक्षकांना आणि वाचकांनाही तिच्या संवादांपेक्षा तिच्या संबंधांची अधिक उत्सुकता होती.

स्त्रीवादी समीक्षेच्या प्रभावाने गेल्या काही दशकांत मराठीतील स्त्री नाटककारांचा पुनर्विचार सुरू झाला, आणि हिराबाईंचे नाव त्यात अग्रक्रमाने येऊ लागले. हे स्वागतार्ह आहे. तथापि आद्यत्वाचा मान देऊन त्यांना इतिहासाच्या पहिल्या पायरीवर बसविणे आणि पुढे चालू लागणे, हाही दुर्लक्षाचाच एक प्रकार होऊ शकतो. त्यांच्या दोन नाटकांचे वाचन तीन अंगांनी होणे आवश्यक आहे. कलावंत परंपरेतील गायनविद्येने संगीत नाटकाच्या पदरचनेवर केलेला परिणाम हे पहिले अंग. महाभारतातील द्रौपदीकथांच्या मराठी नाट्यरूपांत ‘जयद्रथ-विडंबन’चे स्थान हे दुसरे, आणि कोल्हटकर संप्रदायाच्या चौकटीत एका स्त्रीने केलेले बदल हे तिसरे. या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या चरित्रात मिळणार नाहीत. त्यासाठी संहितांकडेच जावे लागेल.

हिराबाईंच्या वाट्याला आलेल्या काळाने त्यांना अभिनेत्री होऊ दिले नाही, आणि नाटककार म्हणून जेवढा अवकाश दिला तोही फार थोड्या वर्षांचा होता. १९०४ ते १९१२ ही जेमतेम आठ वर्षे. या आठ वर्षांत विशी-पंचविशीतील एका स्त्रीने पौराणिक नाटकाकडून कल्पित कथानकाच्या संगीत नाटकाकडे वाटचाल केली आणि पुरुषांनी, पुरुषांसाठी चालविलेल्या व्यावसायिक रंगभूमीला आपले शब्द बोलावयास लावले. रंगमंचावर स्त्रीवेषातील पुरुष उभा होता, पण त्याच्या तोंडची वाक्ये एका स्त्रीने लिहिली होती. मराठी रंगभूमीवरील स्त्रीच्या प्रवेशाचा इतिहास लिहिताना आरंभबिंदू म्हणून १९३३ कडे बोट दाखविण्याची प्रथा आहे. अभिनेत्रीपुरता हा निर्देश योग्य असला, तरी स्त्रीच्या शब्दाचा प्रवेश त्याच्या एकवीस वर्षे आधी झाला होता आणि तो गिरगावातील एका नायकिणीच्या घरातून झाला होता.